परवानगीचा रकाना

चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर वैदेहीचं ऑफिस होतं. खाली फाटकाशी कडुबा बसायचा. गंगापूरकडचा हा म्हातारा वॉचमन महाचिवट. आलेल्याचं नाव, कोणाला भेटायचं, किती आत आले, किती बाहेर गेले, सगळं रजिस्टरात लिहायचा आणि परवानगीच्या रकान्यात आतल्या माणसाची सही झाल्याशिवाय फाटक उघडायचा नाही. त्यापायी वैदेहीला दिवसातून दहादा जिना उतरावा लागे. सही करून ती चिडून खाली दोन टिंबं ठोकायची.

"म्याडम, आत घेतलं कोणी, ते कागदावर पाह्यजे," तो म्हणायचा.

कधीकधी दुपारी फाटकावर थाप पडे आणि कडुबा जागचा न हलता सांगे, "कडुबा नाय इथं."

"काका, खोटं का सांगता?" तिनं एकदा विचारलं होतं.

"मला भेटाया येनारी समदी माणसं कवाच गेली, म्याडम. मंग ह्यो येतो त्यो कोण? नाय म्हनलं की माघारी जातो. नाय म्हनतो तवर मी हाये."

तेव्हा ती हसली होती.

त्या शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. पण सोमवारी गिऱ्हाईक काम बघायला येणार, म्हणून वैदेही एकटीच बसली होती. लॅपटॉपवरच्या छोट्या क्लस्टरमध्ये, म्हणजे प्रोग्रामांच्या एका वसाहतीत, चार प्रोग्राम आपापल्या बंद कंटेनरमध्ये, जणू वेगवेगळ्या खोल्यांत, चालत होते. त्यांच्यापुढे इनग्रेस कंट्रोलर बसवायचा होता. तोही एक वॉचमनच: बाहेरून आलेली विनंती कोणाला मागते ते बघायचं, यादीत नाव असेल तर आत धाडायचं, नसेल तर ४०४, म्हणजे 'इथं नाही', सांगून माघारी लावायचं. सकाळपासून तिच्या नाकी नऊ आले होते. तीनला तो एकदाचा चालू झाला.

कंट्रोलरच्या नोंदी बघताना तिचा हात थांबला. तिनं तपासणीसाठी धाडलेल्या विनंत्यांच्या मधे एक परकी विनंती होती. मागितलेलं नाव, इंग्रजी अक्षरांत: कडुबा. निकाल: ४०४.

कोणाची तरी थट्टा. तिनं वायफाय बंद केलं, नेटची तार उपटली. आता लॅपटॉपपर्यंत पोहोचायला बाहेरच्या कोणाला वाटच नव्हती.

तीन दहाला पुन्हा कडुबा. ४०४.

तीन वीसला खाली फाटकावर थाप ऐकू आली. मागोमाग म्हाताऱ्याचा आवाज: "कडुबा नाय इथं." त्याच क्षणी पडद्यावर नवी ओळ उमटली. ४०४.

वैदेहीला भीती वाटली, आणि भीती वाटली याचाच राग आला. विनंती आत घेतली तर ती पुरती उलगडून बघता येईल, कोण पाठवतंय ते सापडेल, असा तिनं हिशेब मांडला. म्हाताऱ्याचं बोलणं आठवत होतं. कळतं पण वळत नाही, तशी गत. तिनं नियमांत एक ओळ वाढवली: नाव कोणतंही असो, आत घ्या.

तीन तीस. खाली थाप पडली.

ती कान देऊन बसली. वरून एक विमान उतरत गेलं. त्याची घरघर विरली तरी खालून काहीच आवाज आला नाही.

पडद्यावर ओळ उमटली. कडुबा. २००. म्हणजे आत घेतलं.

विनंतीत उलगडायला काही नव्हतंच. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती.

तिनं नियमांत वाढवलेली ती ओळ खोडली आणि जिन्याकडे धावली.

"काका!"

फाटकाला आतून कुलूप होतं. खुर्चीवर टोपी होती. बशीतल्या चहाला अजून वाफ होती.

तिनं फाटकाजवळच्या वॉचमनच्या केबिनमागं पाहिलं, शेडभोवती फिरून आली, हाका मारून घसा कोरडा पडला. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता.

रजिस्टर उघडं होतं. शेवटची ओळ कडुबाच्याच थरथरत्या अक्षरात होती.

नाव, कोरं. कोणाला भेटायचं, कडुबा. आत आले, एक. बाहेर गेले, दोन.

पुढच्या रकान्यात तिची सही होती. खालची दोन टिंबं अजून ओली होती.