एकतिसावी

ही गोष्ट माझ्या मावसभावाची आहे. त्याचं नाव श्रीनाथ.

तो जिवंत आहे, धडधाकट आहे. ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो आणि रोज कामाला जातो. त्याची बायको मयूरा आणि सात वर्षांची चिन्मयी, दोघीही त्याच्याजवळच आहेत. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे, मला त्याचं सोयरसुतक नाही.

अंधारात काहीतरी दिसलं, अशातला प्रकार नव्हता. भर दुपारी घडलं. शनिवार, १३ नोव्हेंबर २०२१. दुपारचे तीन वाजले होते.

जागेचं नाव लिहीत नाही. गोल्ड कोस्टच्या वाटेवर एक छोटंसं थीम पार्क आहे, एवढं पुरे.

बुकिंग मयूराने केलं होतं. चिन्मयीचा वाढदिवस होता. वर्षभर मास्क, घर आणि लॅपटॉप यात पोरगी कोमेजली होती. पार्कमध्येच राहायला केबिन्स होत्या. दोन दिवसांचं सरप्राइज.

श्रीनाथने कन्फर्मेशनवरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

तो म्हणाला, नोव्हेंबरात वादळं येतात. मिनी टोर्नेडो येतात. मोकळ्या जागेत लेकराला नेऊ नये. आठवडाभर तो रडार उघडून बसला. पार्कच्या ऑफिसला दोनदा फोन करून विचारलं, शेल्टर कुठलं, दार कुठल्या बाजूला, आत माणसं किती मावतात. मयूराने त्याची यथेच्छ थट्टा केली. सुट्टीला चाललोय की सीमेवर, म्हणाली.

तिला माहीत नव्हतं.

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

बरोबर एक वर्षापूर्वी श्रीनाथ त्याच पार्कमध्ये नोकरीला होता. कोविडमध्ये त्याचं आयटीचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, तेव्हा काही महिने त्याने तिथे तासावारी कॅज्युअल काम केलं. घरी सांगितलं होतं, वेअरहाऊसमध्ये आहे. राइडच्या रांगा सांभाळतो हे सांगायला त्याला लाज वाटायची. आमचा श्रीनाथ लहानपणापासून असाच. लोक काय म्हणतील, यातच त्याचा अर्धा जन्म गेला.

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याने एका मराठी कुटुंबाला रांगेत थोडं पुढे सोडलं होतं. लहान बाळ होतं त्यांच्याकडे. सुपरवायझरने ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर झापलं. आपल्या लोकांना फेवर करायचं नाही इथे, मेट.

ते त्याच्या मनाला लागलं.

मग ती दुपार आली. आभाळ हिरवट झालं आणि सायरन वाजला. शेल्टर म्हणजे थिएटरखालची काँक्रीटची खोली. कोविडमुळे दारावर कागद चिकटवला होता, तीस माणसं. श्रीनाथ दाराशी मोजत उभा होता.

तीस झाली.

आणि एक बाई आली. साठी उलटलेली. साडी, पायात स्पोर्ट्स शूज, केसांच्या दोन घट्ट वेण्या मागे बांधलेल्या. मुलगा-नातवंडं गर्दीत दुसऱ्या इमारतीकडे गेली होती, ही मागे राहिली होती. तिने श्रीनाथच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला आणि तिला हायसं वाटलं.

ती मराठीत बोलली. बाळा, तू आपलाच ना, मला आत घे, मला पुढे चालवत नाही.

सुपरवायझर शेजारीच उभा होता.

श्रीनाथ तिच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "सॉरी मॅम, तुम्ही काय म्हणताय ते मला कळत नाही. पुढच्या इमारतीत जा."

ती पुन्हा म्हणाली. हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं.

तो पुन्हा म्हणाला, कळत नाही.

आणि दार लावलं.

पुढची इमारत ऐंशी पावलांवर होती. ती भिंतीपर्यंत पोहोचली. आत पोहोचली नाही. उडालेला पत्रा तिला लागला.

तिचं नाव शोभा. फेब्रुवारी २०२०मध्ये तीन महिन्यांसाठी मुलाकडे आली होती. विमानं बंद झाली आणि इथेच अडकली.

चौकशीत श्रीनाथने लिहून दिलं की भाषेची अडचण होती. तिच्या मुलाने त्याला बाहेर गाठून एकच विचारलं, शेवटी आई काय म्हणाली? श्रीनाथ त्याच्या तोंडावर म्हणाला, मला तिची भाषा येत नव्हती.

हे ऐकलं तेव्हा मला त्याची शिसारी आली. अजूनही येते.

तर अशा माणसाला बायको-मुलीसोबत तिथे परत जावं लागलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

गेटवर फोनवरून कोविडचं चेक-इन करायचं होतं. मयूरा आणि चिन्मयीची नावं श्रीनाथने आपल्याच फोनवर घातली. एकूण तीन.

हिरवी खूण आली. खाली आकडा आला...

चार.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा चार. गेटवरची मुलगी म्हणाली, नो वरीज, चालेल. तिने मान वर करून बघितलं आणि मोजलं. तिला काही चुकलेलं वाटलं नाही.

दुपारी चिन्मयीला झुल्यावर बसवताना तिथल्या पोऱ्याने श्रीनाथला सांगितलं, ग्रॅनीला चक्कर येत असेल तर तिथे बाक आहे.

श्रीनाथने मागे वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.

मयूरा पाण्याची बाटली भरायला गेली होती.

त्याच क्षणी निघायला हवं होतं. तो मयूराला तसं म्हणालाही. पण का, हे काही त्याच्या तोंडून निघेना, आणि चिन्मयीने "डॅड, प्लीज, इट्स माय बर्थडे" म्हणून तोंड पाडलं. पोरीला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच द्यायची. इथली सगळीच पोरं तशी.

पावणेतीनला पक्षी गप्प झाले.

तिथे दिवसभर रंगीत पोपटांचा कलकलाट असतो. तो एकदम थांबला. मग गोल फिरणाऱ्या घोड्यांचं संगीत थांबलं. मग वारा...

वाराही थांबला.

आभाळ हिरवट झालं होतं.

श्रीनाथ तेव्हा चिप्सच्या रांगेत होता. मायलेकी थोड्या पलीकडे, थिएटरजवळ. हातातलं टाकून तो पळाला. तेवढ्यात सायरन वाजला आणि चहूबाजूंनी माणसं धावत सुटली. धूळ उठली. गारा पडू लागल्या. दहा पावलांपलीकडचं दिसेना.

फोन वाजला. मयूरा.

त्याने कानाला लावला. रेंज चांगली होती. तिचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. ती ओरडत होती, रडत होती, काहीतरी सांगत होती.

आणि त्याला...

त्याला एक शब्द कळेना.

आवाज तिचाच. पण शेजारच्या टेबलावर दोन ग्रीक म्हातारे बोलत असावेत, तसं. नुसते चढउतार. त्यात त्याला फक्त "चिन्मयी" हे नाव ओळखू आलं, तेही नाव म्हणून.

तो ओरडला, "इंग्लिश! से इट इन इंग्लिश!"

मयूराला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. ती जीव तोडून पुन्हा तेच म्हणाली. भीतीने गाळण उडालेल्या माणसाच्या तोंडातून त्याचीच भाषा येते.

ती काय म्हणत होती ते नंतर तिनेच मला सांगितलं. लोकांच्या लोंढ्याने तिला शेल्टरमध्ये ढकललं होतं. चिन्मयीचा हात सुटला होता. दाराच्या काचेतून तिला बापलेक दोघंही दिसत होती.

"तुझ्या डाव्या हाताला आहे ती. आइस्क्रीमच्या गाडीमागे. श्री, डावीकडे वळ, दहा पावलं, उचल तिला."

एवढं सोपं मराठी.

श्रीनाथ उजवीकडे पळाला.

फोन कट झाला.

मयूराने काचेतून पाहिलं, आपला नवरा आपल्या लेकीकडे पाठ करून धावत सुटलाय. दार उघडायला गेली तर दोघांनी तिला धरून ठेवलं. तिने एकाच्या हाताचा चावा घेतला. तरी सोडलं नाही.

मग ते आलं. ट्रेन अंगावरून जावी तसा आवाज, म्हणते ती. जेमतेम एक मिनिट.

श्रीनाथ एका भिंतीला चिकटून बसला होता. कपाळ फुटलं होतं. सगळं शांत झाल्यावर तो उठला आणि मुलीला हाका मारत फिरू लागला. आइस्क्रीमची गाडी दूर तळ्यात उलटी पडली होती. तिचा चेंदामेंदा झाला होता. मयूरा गुडघाभर पाण्यात शिरून त्या पत्र्याखाली हाताने चाचपत होती.

चिन्मयी तिथे नव्हती.

ती सापडली पुढच्या इमारतीच्या भिंतीपाशी.

दाराच्या बाहेर. खाली मांडी घालून बसली होती.

श्रीनाथला ती जागा माहीत होती. वर्षापूर्वी तिथल्या काँक्रीटवरून त्यानेच होजने पाणी मारलं होतं.

सगळं पार्क गारांनी पांढरं झालं होतं. पोरीचे कपडे मात्र कोरडे. अंगावर ओरखडा नाही. सकाळी मयूराने तिची साधी पोनी बांधली होती. आता तिच्या केसांच्या...

दोन वेण्या होत्या. घट्ट, चापूनचोपून घातलेल्या.

मयूराने तिला उराशी धरलं. चिन्मयी तिच्या खांद्यावरून बापाकडे बघत होती. मग बोलली. स्वच्छ, खणखणीत मराठीत. तिच्या तोंडून एवढं लांब मराठी वाक्य मयूराने कधी ऐकलं नव्हतं.

"आजींनी मला धरून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, बाबाला हाक मारून उपयोग नाही."

श्रीनाथने मयूराला विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

मयूराने त्याच्या थोबाडीत मारली.

त्या दिवसापासून श्रीनाथला मराठी येत नाही.

थोडंही नाही. डोक्याचे स्कॅन झाले, सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात धक्का बसलाय, येईल हळूहळू. इंग्रजी येतं, हिंदी येतं, कामाचं सगळं येतं. नाशिकहून माझ्या मावशीचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा तो स्क्रीनवर आईच्या ओठांकडे बघत बसतो. मावशी विचारते, माझ्यावर रागावलास का रे. हेही त्याला कळत नाही.

आणि चिन्मयी त्या दिवसापासून मराठीशिवाय बोलत नाही. शाळेतून ईमेल येतात. इंग्रजी समजतं तिला, पण तोंडून मराठीच. तेही आजकालचं नाही, जुन्या बायकांचं. मध्येच पदर सावरल्यासारखा खांद्याशी हात नेते.

बापलेक एका घरात राहतात, आणि मध्ये मयूरा भाषांतर करते. तेही आता तिने बंद केलंय.

मी राहते मेलबर्नला, ट्रुगानिनात. डिसेंबरमध्ये त्यांच्या क्वीन्सलंड राज्याची कोविडमुळे बंद असलेली बॉर्डर उघडली तशी पहिल्या विमानाने गेले. तोवर मला फक्त मयूराची बाजू माहीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीनाथने मला मागच्या अंगणात बसवून सगळं सांगितलं. दार, बिल्ला, चौकशी, तिचा मुलगा. सगळं इंग्रजीत. ती बाई त्याला काय म्हणाली होती, ते शब्दही त्याला आता इंग्रजीतच आठवतात. सांगताना हमसून हमसून रडला. म्हणाला, तिच्या मुलाला शोधून खरं सांगेन. कधी, ते नाही म्हणाला.



तेवढ्यात चिन्मयी बाहेर आली. हळू चालत, एका बाजूला हात थोडा वर धरून. कुणाचा तरी हात धरल्यासारखा. श्रीनाथच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"बाबा, आजी म्हणतात, पुढचं वादळ आलं की मी त्यांच्याकडे जायचं. मी तुला खूप हाका मारीन. पण तुला कळणार नाही."

आणि हसली. गोड हसली हो.

श्रीनाथ माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा केविलवाणा झाला होता. "ताई, काय म्हणाली ती? प्लीज."

 सांगितलं तर हा माणूस तिथल्या तिथे कोसळेल. न सांगितलं तर... मी तेवढा विचार केलाच नाही, खरं सांगायचं तर. मी घाबरले होते.

मी इंग्रजीत म्हणाले, "मलाही नीट कळलं नाही."

चिन्मयीचं हसू थांबलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारी, जिथे कुणीच नव्हतं तिथे, वर मान करून पाहिलं. काहीतरी ऐकल्यासारखं केलं...

आणि होकारार्थी मान हलवली.

मी त्याच संध्याकाळी निघाले. मयूराला मात्र विमानतळावरून सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. तिने लेकीला घेऊन कुठेतरी लांब जायचं ठरवलंय, जिथे वादळ येत नाही. अशी जागा ती शोधतेय.

आमच्याकडे ट्रुगानिनात वारा कायमचाच. नवी घरं, उघडी जमीन, अडवायला झाड नाही.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी मोबाइलवर मराठी बातम्या लावते. पहिलं वाक्य कळेपर्यंत ऐकते आणि बंद करते.

आज दोनदा ऐकावं लागलं.