साक्षसंख्या

औंधच्या प्रयोगशाळेत डॉ. मृणाल फडतरे यांनी पडद्यावर दोन उत्तरपत्रिका शेजारीशेजारी लावल्या आणि विचारलं, "हिंगमिरे, कॉपी कशी ओळखाल?"

दिनकर हिंगमिरे 'प्रांगण' वाहिनीचे राजकीय संपादक. केस पत्रकारितेतच पांढरे झालेले. ते म्हणाले, "उत्तरं सारखी आली की."

"छे! बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येणार. चुका सारख्या आल्या, की समजायचं कॉपी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा प्रत्येक माणूस आपापलं थोडं चुकतो. एकाला साडी हिरवी दिसते, दुसऱ्याला निळी. माझं साक्षीमापक यंत्र बातम्यांतल्या या बारीक चुका ताडून बघतं आणि बातमीमागे खरे डोळे किती ते सांगतं. ती झाली साक्षसंख्या."

"आणि वीस वाहिन्यांनी एकाच पत्रकावरून बातमी ठोकली असेल तर?"

"एक."

हिंगमिरे खुर्चीतून उठलेच. आनंद होणार नाही तर काय? हवी तशी चित्रफीत घरबसल्या बनायला लागल्यापासून कॅमेऱ्यावरचा विश्वास केव्हाच उडाला होता, आणि पत्रकारांवरचा तर त्याआधीच. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक "काय साहेब, आज कुणाची सुपारी?" म्हणून चिमटे काढायचे, आणि हिंगमिऱ्यांना जिलबी गोड लागायची नाही. त्यांनी वाहिन्यावाहिन्यांचे उंबरे झिजवले आणि साक्षसंख्या प्रत्येक बातमीच्या कोपऱ्यात आणूनच दाखवली.

आणि काय सांगावं, लोकांनी ती डोक्यावर घेतली! भाजीवालीसुद्धा राजकारणाची बातमी ऐकली की आधी विचारायची, "आकडा किती?"

पंचाईत झाली ती वार्ताहरांची. त्यांची एक जुनी खोड होती. नेत्याचा दौरा संपला की सगळे चहाच्या टपरीवर जमायचे आणि मुद्दे जुळवायचे. म्हणजे कुणाचं काही सुटायचं नाही आणि ऑफिसात बोलणी बसायची नाहीत. आता जुळवलेल्या बातमीला आकडा यायचा एक, आणि बोलणी त्यावरूनच बसायला लागली. पण ही जात हुशार! मुद्दे आधीसारखेच जुळवायचे आणि मग चुका वाटून घ्यायच्या. तू साडी हिरवी लिही, मी निळी लिहितो, तू दुपार म्हण. हिंगमिऱ्यांच्या कानावर हे आलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. नको होतं हसायला.

पुढं कृष्णाकाठच्या पूरछावणीत पाणीपुरवठामंत्री इंदुमती खरात आल्या, तेव्हा हिंगमिरे स्वतः गेले होते. आत गर्दी, चिखल. वार्ताहर सगळे बाहेर भज्यांच्या गाडीपाशी. कुणीतरी येऊन म्हणालं, "बाईंनी म्हातारीचा हात झटकला!" सगळ्यांनी ज्येष्ठ म्हणून हिंगमिऱ्यांकडं पाहिलं. "भाऊ, तुम्ही तर दाराकडं तोंड करून उभे होतात. झटकला ना?"

मी पाहिलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांचा अनुभवी माणूस भजी खात राहिला, हे चारचौघांत कसं सांगायचं? "झटकला म्हणजे काय, चांगलाच झटकला," हिंगमिरे म्हणाले. मग साडीचे रंग वाटले गेले.

साक्षसंख्या आली अकरा. इतका आकडा म्हटल्यावर पक्षानं बाईंचं काही ऐकूनच घेतलं नाही. संध्याकाळी राजीनामा झाला.

दुसऱ्या दिवशी छावणीतल्या सोनाबाई एस.टी.नं थेट 'प्रांगण'च्या ऑफिसात हजर! "माझा हात उडतो हो, दोन वर्सं झाली. औषध चालू हाय. त्या माउलीनं धरून ठिवला होता. तुमी झटकला म्हणून का सांगता?"

हिंगमिऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी इतर संपादकांना फोन लावले. "आमच्या बातमीचा आकडा अकरा आहे, तुमच्या म्हातारीचा किती?" असं म्हणून एकेकानं फोन ठेवला. शेवटी त्यांनी फडतरे बाईंना लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"यंत्र दुरुस्त करा ना, बाई!"

"यंत्राला खरं-खोटं कळत नाही हो. ते फक्त डोळे मोजतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही त्याला खोटे डोळे दिलेत."

रात्रीच्या बातम्यांत हिंगमिऱ्यांनी सोनाबाईंना शेजारी बसवलं. त्या बोलल्या. मग ते बोलले, "मी पाहिलंच नव्हतं. मी खोटं सांगितलं. मला लाज वाटते."

कोपऱ्यात आकडे बदलले. हात झटकला, दहा. हात धरला, एक. न पाहिल्याची साक्ष होत नाही, म्हणून हिंगमिरे एकीकडून कमी झाले, पण दुसरीकडं काही वाढले नाहीत. खाली प्रेक्षकांचे निरोप धावत होते: दहा जण खोटे आणि ही एकटी खरी? किती घेतले हो, हिंगमिरे?

सोनाबाई पडद्याकडं बघत होत्या. "त्यो एक म्हंजी मी न्हवं?"

"हो, आजी."

"मग तुमी कुठं हाय?"

"मी कुठंच नाही, आजी. मी आत आलोच नव्हतो."

टेबलावर ठेवलेला म्हातारीचा हात उडत होता. तो धरावा असं हिंगमिऱ्यांना फार वाटलं. पण सगळ्या महाराष्ट्रासमोर त्यांचा हात काही पुढं होईना.