पडद्यावरचे सारस

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. सीताबर्डीत डांबर चपलेला चिकटत होतं. चारुशीलाने तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळला होता, तरी कान भाजून निघाले होते. चित्रकलेच्या कॉलेजातून ती होस्टेलवर निघाली होती, तेवढ्यात एका जिन्यातून थंडगार झुळूक आली... आणि झुळुकेमागोमाग ती सरळ वरच चढली. काचेचं दार ढकललं. आत एसी!

"चपला बाहेर!" कोणीतरी ओरडलं.

ती दचकली, झोळी कलंडली, आणि ऊन लागू नये म्हणून जवळ ठेवलेला कांदा गडगडत टेबलाखाली गेला. कंप्युटरपाशी बसलेल्या तरुणाने तो वाकून उचलला, चष्म्यासमोर धरला.

"हा तुमचा?"

"मग काय कंप्युटरचा? त्याले कुठं ऊन लागते!"

तो खळखळून हसला. विश्वनाथ त्याचं नाव. धंतोलीत राहणारा, नुकताच इंजिनियर झालेला, या कंप्युटर क्लासात शिकवणारा.

"काम काय होतं?"

"काम...? काही नाही. इथं थंड आहे."

आणि ती खरंच एसीखाली उभी राहिली. तिथून पडदा दिसत होता. रेघांचा एक पक्षी पंख वरखाली करत होता. पण मध्येच पंख आखूड व्हायचा, आणि पुन्हा लांब.

"कोणता पक्षी?"

"सारस. पुस्तकात पाहून काढला."

"खांदा मोडला हो त्याचा."

विश्वनाथचा चेहरा पडला. "मी दोनच चित्रं दिली. पंख वर, पंख खाली. मधली मशीन भरतं... वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, सरळ."

"पंख सरळ येते का कधी?" चारुशीलाने हात डोक्यावर नेला आणि खांद्यापासून सावकाश गोल फिरवत खाली आणला. बांगड्या किणकिणल्या. "असा. लहानपणापासून गावच्या तळ्यावर पाहून राहिली मी."

"पुन्हा एकदा दाखवता?"

तिने दाखवलं. तो पडद्याकडे नाही, तिच्याकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी ती आपली चित्रं घेऊन आली. सारसांची जोडी नाचते कशी. मान कुठे वळते, पाय कुठे उचलला जातो. मुख्य मुख्य चित्रं तिची, मधली मशीनची. विश्वनाथने सरळ रेघ सोडून पंख खांद्याभोवती फिरवायचं गणित मांडलं. मग दुपारी होस्टेलवर झोपायचं सोडून चारुशीला रोज सीताबर्डीला निघू लागली.

"काहून वं," खोलीतली मैत्रीण प्रेमलता विचारायची, "एसीत बसायले जाते, का एसीवाल्याले पाहायले?"

चारुशीला तिला उशी फेकून मारायची.

पंख जमला, पण नाच जमेना. एक चित्र पुसून दुसरं डोळ्यांदेखत रेघारेघांनी उमटायचं. सारस नाचण्याऐवजी हिवताप आल्यासारखे थरथरायचे. शेवटी क्लासचे मालक मधुकरराव मुंबईहून नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आले.

"या कार्डात चित्राला दोन जागा आहेत," विश्वनाथ तिला समजावू लागला. "एक चित्र लोक पाहतात, तोवर दुसरं मागे लपून तयार होतं. पूर्ण झालं की झटकन समोर."

"म्हणजे पाहुणे बैठकीत, आणि आत पोहे."

"तुम्ही... केले होते का कोणासाठी पोहे?" त्याने अगदी सहज विचारलं. नको तितकं सहज.

"एकदा. मुद्दाम खारट केले."

चष्मा पुसण्याच्या निमित्ताने त्याने हसू लपवलं. मग हळूच म्हणाला, "रविवारी पालकांना बोलावलंय. त्यांनी मुलांची नावं घातली नाहीत तर मधुकरराव क्लास बंद करणार. मला पुण्याची नोकरी आली आहे."

"अस्सं..." ती म्हणाली. एसी एकदम फारच थंड वाटू लागला.

शनिवारी कार्ड बसवलं, तर पडदा काळाठिक्कर. विश्वनाथने तीनदा उघडलं, तीनदा लावलं. चारुशीलाने बॅटरीचा उजेड धरला होता.

"उजेड इकडे धरा," तो म्हणाला.

"तुमचं डोकं बाजूले घ्या, मग धरते."

त्याने कार्डावरची एक बारीकशी कळ उलटी केली. पडदा उजळला. आणि सारस नाचले... मान वळली, पंख उघडले, कुठे थरथर नाही, कुठे अडखळणं नाही. दोघं पाहत राहिली. बॅटरी अजून चालूच होती, आणि ती धरलेल्या हातावर त्याचा हात होता.

रविवारी खोली भरली. मौद्याहून मुलीचं नाव घालायला आलेले चंपतराव पडद्याला नाक लावून म्हणाले, "अरे, हे तर खरेखुरे नाचून राहिले गा!"

"सगळं मशीनची करामत!" मधुकरराव ऐटीत म्हणाले.

मागे उभ्या चारुशीलाने मान खाली घातली.

"नाही सर," विश्वनाथ म्हणाला. "मशीनने आपल्या मनाने काढला तेव्हा पंख मोडला होता. चित्रं यांची आहेत. पंख कसा फिरतो, तेही यांनीच शिकवलं. या चारुशीलाबाई."

सगळ्या माना वळल्या. मधुकरराव क्षणभर गोरेमोरे झाले; मग तेही टाळ्या वाजवू लागले. चंपतराव म्हणाले, "बाई शिकवणार असतील तर पोरीचं नाव लिहून घ्या." त्यांच्यामागे रांग लागली. संध्याकाळी मधुकररावांनी दोघांना रस पाजला आणि क्लास चालू राहणार असल्याचं सांगूनही टाकलं. चारुशीलाने इथे चित्रं शिकवावी, हेही.

रसवंतीच्या बाकावर मग दोघंच उरली.

"पुण्याले काय कळवलं?" तिने ग्लासात पाहत विचारलं.

"येत नाही म्हणून. शुक्रवारीच कळवलं."

"शुक्रवारी? क्लास राहणार का जाणार, ते कुठं माहीत होतं!"

"क्लाससाठी कुठे थांबलो होतो..." त्याचे कान लाल झाले. "मी खरे सारस अजून पाहिले नाहीत. गावी जाशील तेव्हा येऊ?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. तिने ऐकलं, आणि राहू दिलं.

"ये ना."

"आईला घेऊन येऊ?"

"सारस पाहायले आई कशाले?"

"सारस पाहायला नाही."

रस्त्यावर सायकलरिक्षांच्या घंट्या वाजत होत्या. चारुशीलाने दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मग आईले घेऊनच ये," ती म्हणाली. "पोहे मी चांगले करते."