तीन रांगा मागे

पेन्सिल हातातून निसटली आणि थेट फळ्यांच्या फटीतून खाली गेली.

मार्नी होलुबने वाकून पाहिलं. एप्रिलातला गार, भुरभुरत्या पावसाचा शनिवार होता. पोर्ट हॅलमच्या जुन्या लाकडी स्टँडमध्ये जेमतेम दोनशे माणसं ब्लँकेटं गुंडाळून बसली होती. मैदानात तिचा बेसबॉल संघ, हेरन्स, दोन धावांनी पुढे होता, आणि मांडीवरच्या स्कोअरबुकात एक चौकोन रिकामा होता. अकरा वर्षांत तिने एकही चौकोन रिकामा सोडला नव्हता.

फटीतून एक हात वर आला. हातात पेन्सिल.

"तुमची का?" खालून आवाज आला.

"हो... लवकर द्या ना! पिचर फेकतोय!"

"टोक मोडलंय."

"अरे देवा—"

"थांबा, माझ्याकडे दुसरी आहे. गणिताचा मास्तर आहे मी. पेन्सिलीशिवाय हिंडत नाही."

तो जिना चढून वर आला. उंच, किंचित वाकलेला, चष्म्यावर पावसाचे थेंब. पेन्सिल दिली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट करून म्हणाला, "इथे कुणी?"

तिथे तिचे बाबा बसायचे. छातीच्या दुखण्यामुळे ते चार वर्षांपूर्वी ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत राहायला गेले होते. दर रविवारी संध्याकाळी फोन करायचे, आणि मार्नी त्यांना आठवड्याचं स्कोअरबुक वाचून दाखवायची.

"कुणी नाही," ती म्हणाली. "बसा."

तो बसला. आणि त्याच डावात हेरन्सनी पाच धावा दिल्या.

त्याचं नाव एमेट लार्किन. जानेवारीतच गावातल्या शाळेत लागला होता. पुढच्या सामन्याला तो आला, शेजारी बसला, हेरन्स हरले. त्यापुढच्या सामन्याला शेंगदाण्यांची पिशवी घेऊन आला, हेरन्स हरले. चौथ्या वेळी मार्नीने स्कोअरबुकाची पानं मागे उलटली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"रागावणार नाही ना?"

"कशावर?"

"तुम्ही... जरा तीन रांगा मागे बसाल का?"

तो मोठ्याने हसला. "बाईसाहेब, चेंडूला माझी जागा कुठे ठाऊक असते?"

"चेंडूला नसेल. मला असते."

तो उठला. तीन रांगा मागे गेला. हेरन्स जिंकले.

मग तो उन्हाळा असाच गेला. बावीस वर्षांत हेरन्स एकदाही बाद फेरीत गेले नव्हते. जूनमध्ये ओळीने आठ सामने जिंकले, तेव्हा गावातला न्हावीसुद्धा कात्री थांबवून रेडिओ ऐकू लागला. एमेट तीन रांगा मागून बोलायचा, ती मान न वळवता उत्तर द्यायची.

"आज केस बांधलेत."

"सामना बघा!"

"इथून तेच दिसतं. मी काय करू?"

दर सामन्याला पाच पेन्सिली टोकं करून तो हातोहात पुढे पाठवायचा. मधल्या रांगेतली मिसेस ओल्झाक त्या पोहोचवायची. "तुमच्या दोघांच्या नादात माझा हॉटडॉग थंड होतो," ती कुरकुरायची. पण खुर्ची कधी बदलली नाही तिने.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मार्नीला आठवत नव्हतं. बहुधा असंच, ओरडता ओरडता.

जुलैत घसरण लागली. अकरातले नऊ सामने हरले. एक दिवस मार्नीला मागून पाचव्या रांगेतून आवाज आला. मग नवव्या. मग अगदी वरच्या, पत्र्याच्या छपराखालून.

"तिकडे काय करतोस?" ती ओरडली.

"प्रयोग!"

"चेंडूला ठाऊक नसतं म्हणालास ना?"

"तेव्हा मला तू नीट ठाऊक नव्हतीस!"

आजूबाजूचे हसले. मार्नीही हसली, पण चौकोन भरताना तिचा हात जरा चुकला. हा माणूस पोरांना शिकवायचा की नाणं उडवलं तर त्याला आधी पडलेली बाजू आठवत नाही. आणि तोच आता तिच्यासाठी एकेक पायरी वर चढत होता... तिला बरं वाटलं. आणि तेवढंच वाईटही.

ऑगस्टमध्ये हेरन्स पुन्हा सावरले. शेवटच्या आठवड्यात एमेट आलाच नाही. हेरन्स तिन्ही सामने जिंकले. फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "शाळा सुरू होतेय. वह्या लावतोय."

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी बाबांचा फोन आला. शनिवारीच, राहवलं नसावं.

"तो तीन रांगा मागचा कुठे गेला?" त्यांनी विचारलं. "हल्ली नाव घेत नाहीस."

"येत नाही तो. आला की हरतो आपण."



"तुझ्या आईला मी असंच घरी ठेवायचो," बाबा म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी. ती आली की हरायचो. शेवटच्या सामन्याला म्हटलं, तू रेडिओ ऐक. ऐकला बिचारीने. जिंकलो आपण."

"हो की! केवढा मोठा दिवस तो."

"मोठा होता ना. शेवटचा गडी बाद झाला, आणि मी शेजारच्याला मिठी मारली. कुणीतरी दाढीवाला होता, मार्नी. नावसुद्धा ठाऊक नाही. तो दिवस आठवला की अजून त्याची दाढीच टोचते."

रविवारी दुपारी स्टँड गच्च भरला होता. जिंकलं तर बाद फेरी, हरलं तर घरी. मार्नीच्या जागेवर शेंगदाण्यांची पिशवी होती आणि तिच्यात पाच पेन्सिली. पिशवीवर त्याच्या मास्तरी अक्षरात लिहिलं होतं: 'आज येत नाही. जिंका.'

तिने चौकोन भरले. एक डाव, दोन डाव, सात डाव. शेजारी कुणी पाहुणा बसला होता. निळी टोपी, तोंडात च्युइंगगम. चांगला माणूस. तिने दोनदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा विसरली.

आठव्या डावात एक चेंडू उंच उडून कुंपणाबाहेर, गाड्यांच्या तळावर पडला. सगळ्यांच्या माना वळल्या, तशी तिचीही. तिथे, अगदी शेवटच्या ओळीत, एमेटचा हिरवा ट्रक उभा होता. काचा बंद. आत कुणीतरी पुढे वाकून बसलेलं.

ती पुढच्या चेंडूपर्यंत थांबली. त्याच्या पुढच्याही. मग शेवटचा, नववा डाव सुरू झाला, हेरन्स एका धावेने मागे होते... आणि मार्नी होलुब स्कोअरबुक मिटून उठली.

"बाथरूमला?" मिसेस ओल्झाकने विचारलं.

"नाही."

"मग कुठे? मार्नी! तिसरा गडी बाद होऊन डाव संपल्याशिवाय तू शिंकतसुद्धा नाहीस!"

तिने ट्रकचं दार उघडलं तेव्हा एमेट दचकला. रेडिओ लावलेला होता.

"तू इथे? अगं, जा परत! दोन गडी बाद, एकच उरलाय, एक जण दुसऱ्या बेसवर—"

"सरक."

"मार्नी, मी जवळ असलो की—"

"सरक म्हणते ना!"

तो सरकला. ती बसली, दार ओढून घेतलं. एप्रिलनंतर पहिल्यांदा ते शेजारी बसले होते. त्याच्या बाहीला खडूचा वास येत होता.

पोर्ट हॅलमचा रेडिओ मैदानापेक्षा वीस सेकंद मागे असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एमेट गावात नवा होता.

कुंपणापलीकडून गर्जना उठली. वाढत गेली, आणखी वाढली... आणि मधेच तुटली. मागे राहिला एक लांब, खाली उतरत जाणारा सुस्कारा. अकरा वर्षांत मार्नीने तो इतक्यांदा ऐकला होता की तिला निकाल विचारावा लागला नाही.

रेडिओवर फलंदाज अजून बुटांची माती झटकत होता.

"काय झालं?" एमेट रेडिओकडे वाकला. "कसला आवाज—"

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"इकडे बघ. मला तू हवा आहेस. शेजारी. पुढच्या वर्षी, हरलो तरी, सगळे सामने हरलो तरी. हे मी आत्ता सांगतेय. लक्षात ठेव, आत्ता."

त्याच्या चष्म्यावर तिच्या श्वासाची वाफ धरली.

"...उंच टोला!" रेडिओ ओरडला. "मागे जातोय, मागे... आणि झेल! झेल घेतला! हेरन्सचा मोसम संपला, मंडळी."

एमेटने हळूच रेडिओ बंद केला. गणित जमायला त्याला दोन-तीन क्षण लागले.

"तुला आधीच कळलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"हरलो हे कळल्यावर म्हणालीस."

"मला कळल्यावर. आणि तुला कळायच्या आत. तू पुन्हा मागची रांग धरायच्या आत."

तो हसू लागला, आणि मग ते हसू कुठेतरी अडलं, कारण तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं होतं. बाहेर माणसं टोप्या हातात घेऊन गाड्या शोधत होती. तिच्या मांडीवर स्कोअरबुक होतं, आणि त्यात नवव्या डावाची अख्खी पट्टी कोरी.

फोन वाजला. रविवार होता.

"काय गं," बाबा म्हणाले. "वाच. नववा डाव."

"नाही लिहिला, बाबा. मी तिथे नव्हते."

मग अगदी जपून त्यांनी विचारलं, "शेजारी कोण होतं?"

मार्नीने एमेटकडे पाहिलं. त्याच्या गालावरून एक बोट फिरवलं.

"दाढी नाही त्याला," ती म्हणाली.