भिंतीकडे तोंड करून

फुटलेले चेंडू मागायला आलेला माणूस थेल्मा बूथने त्याआधी कधी पाहिला नव्हता. आमच्या हॅलिफॅक्सच्या क्रीडाकेंद्रात लोक स्क्वॉश खेळायला येत, चेंडू फुटला की तिथेच टाकून जात आणि ते झाडून गोळा करणं थेल्माचं काम होतं. दिवसभर झाडू, पोछा, बादली. चाळिशी उलटलेली, नवरा सोडून गेलेला, आणि पाय... पायांचं तर विचारूच नका.

हा माणूस टोपी हातात धरून उभा होता. एकेक शब्द ओठांनी नीट घडवून, सावकाश बोलत होता. तिला वाटलं, हा आपल्याला बहिरी समजतोय.

"मला ऐकू येतं हो," ती म्हणाली.

"माफ करा. गालिच्याच्या गिरणीत जन्म गेला. तिथे मागांच्या खडखडाटात सगळे एकमेकांचे ओठच बघतात." मग जरा थांबून म्हणाला, "पण ऐकू मलाही येतं. तेवढंच शाबूत ठेवलंय."

त्याचं नाव सिरिल ओल्डरॉइड. त्याला पिवळ्या ठिपक्याचे चेंडू हवे होते, कारण ते सगळ्यात कमी उसळतात. ते तो मधोमध कापून आपल्या प्रीॲम्प्लिफायरखाली ठेवणार होता. थेल्माला काही कळेना, तेव्हा त्याने सांगितलं की रेकॉर्डवरच्या सुईचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज असते. ही पेटी ती कुजबुज उचलून मोठी करते. पण पेटी स्वतःच जराशी थरथरली, तर ती थरथरही मोठी होऊन गाण्यात मिसळते. म्हणून खाली अर्धे चेंडू, आणि झाकणाला आतून डांबराचे पत्रे, मोटारीच्या दारात चिकटवतात तसले.

"म्हणजे पेटीला गप्प करायचं?"

"अगदी बरोबर. ती गप्प बसली की गाणारी बोलायला लागते."

"मग दोन चेंडू जास्त न्या," थेल्माने काउंटरवरच्या बडबड्या विनीकडे मान वळवली, "आणि आधी हिच्या खुर्चीखाली लावून बघा."

तो हसला. हसताना ओठ मुडपून खाली बघायची त्याची सवय होती. तिला ती उगाचच लक्षात राहिली.

त्यानंतर ती पिवळ्या ठिपक्याचे चेंडू बिस्किटांच्या डब्यात वेगळे काढून ठेवू लागली. तो दर गुरुवारी यायचा. विनीला आयता विषय मिळाला. तो दारात दिसला की ती आत वर्दी द्यायची, "थेल्मा, तुझा चेंडूवाला आलाय गं. केस नीट कर." थेल्मा केस नीट करायची नाही, पण हात पुसून मगच बाहेर यायची.

मग एकदा त्याने अडखळत विचारलं. जो माणूस स्वतः चेंडू कापतो, स्वतः लावतो, त्याला फरक ऐकू येणारच, कारण त्याला तो ऐकायचाच असतो. म्हणून बदल दुसऱ्या कुणीतरी करायला हवा, आणि ऐकणाऱ्याने न बघता ओळखायला हवं. त्यासाठी तुम्ही घरी याल का? थेल्मा म्हणाली, दिवसभर मी उभीच असते. तो म्हणाला, चहा असेल, आल्याचा केकही असेल. केक कोण करणार, असं तिने विचारलं. "मीच," तो म्हणाला. "पण तो जरा घट्ट होतो."

अशी ती गुरुवारी कामावरून सुटली की टेकडीवरच्या त्याच्या घरी जाऊ लागली. स्पीकर समोरच्या भिंतीशी आणि पेट्यांचं कपाट मागे. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. ती मागे उभी राहून कधी पेटीखालचे चेंडू काढायची, कधी डांबराचा पत्रा लावलेलं झाकण बदलायची, कधी नुसतंच खुडबुड करून काहीच बदलायची नाही. एकच गाणं पुन्हा वाजायचं. तो डोळे मिटून सांगायचा, आता बासरी मागे सरकली... आता काहीच बदललं नाही, मिसेस बूथ, फसवू नका. आणि ते बरोबर निघायचं.

तिला त्याचं अप्रूप वाटायचं. तिचा नवरा रॉनी फार गोड बोलायचा. तू दमलेली दिसत नाहीस, असं म्हणायचा. एकीला घेऊन लीड्सला गेला, त्याच्या आदल्या दिवशीही तो तसंच म्हणाला होता. हा माणूस मात्र असेल तेच सांगत होता. दमलेल्या बाईला त्यानेच बरं वाटतं.

जानेवारीत तिच्या बहिणीचा, जोनचा, फोन आला. व्हिटबीला समुद्रकाठी तिचं पाहुण्यांना उतरायचं घर होतं. कायमची ये म्हणाली, पण पुढच्या शनिवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरी बाई बघते. थेल्माने सिरिलला ते सांगितलं. तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. साखर तो घेत नसे.

त्यानंतरच्या गुरुवारी केंद्रात शाळांच्या पोहण्याच्या शर्यती होत्या. ओल्या पावलांमागे पोछा फिरवून ती पार गळून गेली होती. सिरिल भिंतीकडे तोंड करून बसला. थेल्माने पेटीकडे पाहिलं... आणि बूट काढून, कपाटाला पाठ टेकून खाली सतरंजीवर बसली. हातही लावला नाही, खुडबुडही केली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "झालं."

गाणं वाजलं.

"वा," तो म्हणाला. "छान फरक पडला. गाणारी एक पाऊल पुढे आल्यासारखी वाटली."

थेल्माला रॉनी आठवला. हाही तसलाच. शनिवारी जोनला काय सांगायचं, ते तिथल्या तिथे ठरल्यासारखं झालं. ती बूट घालू लागली.

"मी काहीच बदललं नव्हतं, मिस्टर ओल्डरॉइड."

"माहीत आहे," तो पाठमोराच म्हणाला. "तुम्ही बूट काढलेत ते ऐकलं. खाली बसलात तेही."

"मग खोटं का बोललात?"

"फरक नाही म्हटलं असतं, तर तुम्ही पुन्हा उठला असतात."

तिचा हात बुटाच्या नाडीवरच राहिला.

"गोड बोलणारा एक होऊन गेलाय माझा," ती हळूच म्हणाली. "मला दुसरा झेपायचा नाही."

तो वळला. चेहरा पडला होता, पण या वेळी नजर खाली नव्हती.

"मग खरं सांगतो. पेटी ऑक्टोबरातच जमून आली होती. तेव्हापासून सुधारायला काही उरलं नव्हतं... तुम्ही यावं म्हणून मी नवं नवं काढत होतो. आणि व्हिटबीचं म्हणाल तर तिथे तुमची बहीण आहे, समुद्र आहे. इथे तेच क्रीडाकेंद्र, आणि जेवता जेवता तार सरळ करायला उठणारा मी. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. पण तुमच्यासाठी तेच चांगलं नसेल, असं मला म्हणता येत नाही."

 इतकं बेचव प्रेमाचं बोलणं थेल्माने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"जोन मला समुद्र बघायला बोलवत नाहीये," ती म्हणाली. "वीस खाटांच्या चादरी बदलायला बोलवतेय." मग बूट पुन्हा काढून बाजूला ठेवले. "चहा टाका, सिरिल. आणि केक नको. तो खरंच घट्ट असतो."

शनिवारी तिने जोनला नाही म्हणून कळवलं.

पुढच्या गुरुवारी ती गेली, तर खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या. आता तिला एवढं कळत होतं की गाणारी बरोबर समोर उभी राहते अशी जागा त्या खोलीत एकच आहे, आणि ती आता दोन खुर्च्यांच्या मधोमध, रिकामी होती. दोघं बसले. गाणं सुरू झालं.

"तुम्हाला कसं वाटतंय?" तिने विचारलं. "खरं सांगा."

त्याने डोळे मिटून ऐकलं.

"बिघडलंय," तो म्हणाला, आणि तिचा हात हातात घेऊन तसाच बसून राहिला.