अकरा कोरे रकाने

“पाहिलं आणि दिसलं नाही, तर शून्य लिहा. पाहिलंच नाही, तर रकाना कोरा सोडा.” रुजू झाले त्याच दिवशी सरांनी बजावलं होतं. तरी माझ्या हातून व्हायचं ते झालंच.

आमच्या संस्थेत मी पक्ष्यांच्या नोंदींवरून त्यांच्या संख्येचं गणित मांडायची. त्या दुपारी जिन्यात एकाशी टक्कर होता होता वाचली. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात वही, दुसऱ्यात माझा अहवाल.

“तळ्यातल्या पाणकोंबड्या संपल्या, असं लिहिणाऱ्या बाई कुठे बसतात?”

“त्या… मीच.”

तो थबकला. “मग भांडणं अवघड झालं.”

तळ्यावर नोंदी घेणारा तो हाच! तासन्‌तास पाण्यात निश्चल उभा राहतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत.

“बगळे ढोंगी असतात म्हणे,” मी म्हटलं.

“असं मासे म्हणतात.”

मला हसू आलं… पण त्याने वही उघडली आणि ते ओठांवरच विरलं. अकरा आठवडे कोरे. त्या काळात त्याची आई दवाखान्यात, हा तिच्या उशाशी. शेवटची वही उशिरा आली, आणि घाईघाईत मी त्या अकराही जागी शून्य धरलं होतं! तेवढ्यावरून तळ्याचं संरक्षण उठणार होतं. ते ठरवायला समिती आत्ता वर बसणार होती.

“पेन द्या,” तो हळूच म्हणाला. “वहीत शून्यं भरतो, न पाहताच मी ती लिहिली होती म्हणून सांगतो. तुमची नोकरी नवी आहे.”

“नको. खोट्यावर तगलेलं तळं मला बघवणार नाही.”

“आणि नोकरी गेली तर?”

“जाईल. मी स्वतः सांगेन — शब्द देते.”

तो बघतच राहिला. पाण्यावर पाखरू उतरावं तशी ती नजर… बिचकत, अलगद.

“एक सांगू? परत आलेल्या वहीच्या समासात तुमच्या शंका यायच्या ना — ‘पिल्लं चार की सात?’ त्या याव्यात म्हणून मी मुद्दाम गिचमिड लिहायचो.”

“आणि मी…” माझा आवाज मलाच ऐकू येईना, “नीट वाचता आलं तरी विचारायची.”

वर खुर्च्या सरकल्या. समिती जमत होती.

“सोबत येऊ?”

मी मानेनेच नको म्हटलं. त्याच्या हातातली वही घेतली, छातीशी धरली आणि एकेक पायरी चढू लागले.