रूथआजींच्या गावचे फोटो

"लाइट बंदच राहू दे, इशिता. ही आमच्या निवेदिताची गोष्ट," गुरुनाथकाका म्हणाले. "राहते अवोन्डेलला, नर्स आहे टाकानिनीच्या क्लिनिकमध्ये. खोटं बोलणारी बाई नाही ती."

गेल्या जूनमधली अमावास्या, बुधवार. तिच्या पेशंट रूथआजी मूळच्या सॉलोमन बेटांवरच्या. कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेल्या. अवोन्डेलला एका वारलेल्या पाद्र्याचं घर रिकामं करताना आजींच्या गावचे जुने फोटो सापडले होते, काचेवरच्या निगेटिव्ह. "आजच आणतेस का गं? उद्याचं काही खरं नाही," आजी फोनवर म्हणाल्या. निवेदिता लगेच त्या घरी फोटोंचं खोकं आणायला गेली.

खोकं उघडून तिनं एकेक काच दिव्यासमोर धरली. कंदमुळं सोलणाऱ्या बायका. होडी ढकलणारी पोरं. शेवटच्या काचेत चटईवर निजवलेली एक तरुण बाई, भोवती गुडघ्यांत मान घातलेली माणसं. निगेटिव्हच ती, सगळ्यांचे केस पांढरेफटक.

खोकं मागच्या सीटवर ठेवून ती निघाली. मोटरवेवर बेल्टचा बीप सुरू झाला. मागे कुणीतरी बेल्ट न लावता बसलंय म्हणे! खोक्याचं वजन असेल. तिनं पुढच्या एक्झिटला थांबून खोकं डिकीत टाकलं.

पुन्हा बीप... बीप...

"सेन्सर गेला असेल, काका. हॅपन्स हीप्स, नेहमीच होतं असं," इशिता म्हणाली.

"तिलाही तेच वाटलं."

आरशात मागची सीट रिकामी. भीतीपोटी ती बोलून गेली, "अहो, बेल्ट लावा ना!"

बीप... बीप...

मग... खट्.

बीप थांबला.

तिनं पुन्हा आरशात पाहिलं नाही.

टाकानिनीला आजींच्या घरी पोचली, तर अंथरुणाला खिळलेल्या रूथआजी फाटकात उभ्या. एकट्या. खोक्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, बाजूला सरल्या, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या.

खट्. बेल्ट सुटला.

आजी रडायला लागल्या. "माझ्या आईची आई. दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट."

मग गाडीत वाकल्या. सीट चाचपली. एकदा. दोनदा.

"आणि बाळ...?"

निवेदितानं डिकीतलं खोकं काढून आजींच्या घरात नेऊन ठेवलं.

परतताना गाडीत कसलाच आवाज नव्हता. पहाटे आजी गेल्याचा फोन आला. निघायच्या घाईत तिच्या नवऱ्यानं, यतीननं, मागचं दार उघडलं.

मधल्या सीटचा बेल्ट लावलेला होता. इतका घट्ट ओढलेला... की आत जेमतेम एक तान्हं मूल मावेल.